पाहुणं होऊन जावं

पाऊस स्थिरावला की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. अलीकडे त्यात आहुप्याचं नाव हमखास येतं. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर वसलेलं हे गाव. मंचर, घोडेगाव, डिंभे धरण अशी वाट. धुकं, धबधबे, हिरवीगार खाचरं, सगळं आहे. पण तिथे माणसांची घरं आहेत, हे डबे भरताना आपण विसरतो. म्हणून जाण्याआधी चार गोष्टी समजून घेऊ या.

इथली वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. कोळी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मासळीची पाटी येते. हे कोळी मात्र डोंगरातले. भात, नाचणी, वरई पिकवणारे आणि जंगलाच्या आधाराने राहणारे आदिवासी.

गावाजवळ देवराई आहे, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथलं लाकूड तोडायचं नाही, हा देवराईचा मूळ नियम. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या श्रद्धेनं किती जुनी झाडं वाचवली ते शहाण्यासुरत्यांना कळलं. तेव्हा देवराईत जाताना गावातल्या कुणाला तरी विचारावं, चपला कुठे काढायच्या ते पाहावं आणि आठवण म्हणून पानसुद्धा आणू नये. काही देवरायांत बायकांना मज्जाव असतो. आपल्याला ते पटेलच असं नाही, पण पाहुणीनं उंबऱ्यावर वाद घालू नये.

असे नियम काही आपल्याकडेच आहेत असं नाही बरं का! पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवर १७७७ साली कॅप्टन कुकनं ‘तापू’ हा शब्द ऐकला. पवित्र म्हणून वर्ज्य, असा त्याचा अर्थ. इंग्रजीतला ‘टॅबू’ त्यातूनच आला. हवाईत त्यालाच ‘कापू’ म्हणत. तिथल्या ज्वालामुखीचे दगड प्रवासी खिशात घालून नेतात आणि मग मनाला टोचणी लागली की टपालानं परत पाठवतात. त्यापेक्षा मुळात उचलूच नये, हे सोपं नाही का?

आता हिरड्याचं. आपल्या बटव्यातला बाळहिरडा याच डोंगरातून येतो. झाड रानात दिसलं तरी ते बहुधा कुणाच्या तरी मालकीचं असतं. उन्हाळ्यात हिरडा वेचून, वाळवून विकला की घरात रोख पैसा येतो. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळात या भागातली हिरड्याची झाडं पडली, तेव्हा कित्येक घरांची ही मिळकतच गेली. म्हणून मुलांना दगड मारून हिरडे पाडू देऊ नका आणि अंगणात वाळत घातलेल्यावर पाय पडू देऊ नका.

पावसात आवणी चालू असते. वाफ्यातलं रोप म्हणजे वर्षाचा भात. फोटोसाठी खाचरात उतरायचं नाही. बांधावरूनही विचारूनच चालावं. चिखलात वाकलेल्या बाईचा फोटो न विचारता काढू नये. आपण ओट्याशी घामाघूम असताना परक्यानं फोटो काढला तर चालेल का आपल्याला?

जेवण गावातच सांगावं, पण आदल्या दिवशी, आणि माणसं नेमकी मोजून. दर आधी विचारावा आणि ठरेल तो द्यावा. चुलीवरच्या भाकरीला घासाघीस शोभत नाही. वाढणाऱ्या बाईला ‘ए बाई’ न म्हणता मावशी म्हणावं. त्यांची बोली मराठीच, पण वळण वेगळं. मुलं हसली तर तिथल्या तिथे दटावावं. ‘तुमचा नाच करून दाखवा’ अशी फर्माईश करू नये. सणाचा नाच सणालाच असतो.

जाताना एक रिकामी पिशवी न्या. आपला कचरा आपल्याच घरी परत यायला हवा.

आपल्याकडे आलेली पाहुणी न विचारता देवघरात शिरली, फडताळ उघडलं, तर आपण तोंडावर हसू, पण पुन्हा बोलावणार नाही. आहुप्यानं आपल्याला पुन्हा ‘या’ म्हणावं, एवढं जपलं तरी सहल सार्थकी लागली.