निबंध कायद्याचा, प्रश्न लालबागचा

मध्यंतरी आमच्या चाळीतला एक मित्र कायदा-सुधारणेवरील निबंधस्पर्धेचे पत्रक घेऊन घरी आला. एखादे कलम निवडावे, त्यातील उणीव दाखवावी व नवा मसुदा सुचवावा, अशी अट होती. प्रवेश मात्र फक्त विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना! "आजोबा, विषय कुठला घेऊ?" त्याने सहज विचारले. आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. ते म्हणाले, "माणसं कशी मोजायची, त्यावर लिही."

थट्टा नव्हती ती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये उद्योगातील २५ टक्के कामगार सभासद असलेली संघटना 'प्रातिनिधिक' ठरू शकत असे. मोजणी सभासद-नोंदींवरून, गुप्त मतदान नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तरीही कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच राहिला. संप फसण्याची कारणे अनेक असतील. पण रस्त्यावरची माणसे आणि वहीतली नावे यांचा मेळ बसला नाही, हे त्यांतले एक खासच.

कोणी म्हणेल, कायदा हे शास्त्र आहे, तेथे कलाशाखेच्या मंडळींनी लुडबूड कशाला करावी? मसुद्याला तज्ज्ञ हवा, हे मान्य. पण जोडा कोठे चावतो ते घालणाऱ्यालाच ठाऊक! १९७९ साली मथुरा खटल्याच्या निकालावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. लिहिणारे तज्ज्ञच होते. परंतु स्त्री-संघटनांनी तो प्रश्न रस्त्यावर नेला, तेव्हा कोठे १९८३ साली बलात्कारविषयक कायदा बदलला. लेखणी वर्गाबाहेर पडली, म्हणून तिला बळ आले.

आजोबांचा प्रश्न शिळाही झालेला नाही. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. एकाहून अधिक संघटना असल्या, तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करील, असे ती सांगते. हा पाठिंबा पडताळायचा कसा, हे मात्र नियमांवर सोपवले आहे. म्हणजे पुन्हा तेच : माणसे कशी मोजायची?

म्हणून स्पर्धांच्या संयोजकांना विनंती आहे. प्रवेश सर्व शाखांना खुला ठेवा. निबंध मराठीतही स्वीकारा. आणि एक अट घाला : ज्यांच्यावर ते कलम लागू झाले, अशा एका तरी माणसाशी बोलल्याशिवाय निबंध लिहायचा नाही.

माझ्या मित्राने तो विषय घेतला आहे. सध्या रोज संध्याकाळी तो वही घेऊन आजोबांसमोर बसतो. बक्षीस मिळो न मिळो, आजोबांची साक्ष अखेर कोणीतरी लिहून घेत आहे.