आवलीची बाजू

यवतकरांना तुकोबांची ओळख करून द्यायला नको. लोणी काळभोरहून निघालेली पालखी काळभैरवनाथाच्या देवळात मुक्कामाला येते आणि त्या दिवशी गावभर पिठलं-भाकरीचा घाट पडतो. म्हणून यंदाचा दिवाळी अंक चरित्रपटांवर काढायचं ठरलं, तेव्हा पहिला मान कुणाचा यावर मंडळात वाद झालाच नाही. वाद झाला तो प्रभातचा ‘संत तुकाराम’ एवढा मोठा का, यावर.

कुणी विष्णुपंत पागनीसांचं नाव घेतलं. रंगभूमीवर स्त्री-भूमिका केलेला हा नट पडद्यावर असा तुकाराम झाला, की पुढे लोक त्याच्याच पाया पडू लागले. कुणी १९३७ च्या व्हेनिस महोत्सवातल्या गौरवाची आठवण काढली. कुणी शांताराम आठवल्यांची. या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेलं एक पद भल्याभल्यांना तुकोबांचाच अभंग वाटलं. सगळं खरं. पण माझं मत तुकोबांच्या बायकोच्या, आवलीच्या पारड्यात.

गौरी या नटीने उभी केलेली ही आवली संतपत्नी वाटतच नाही. म्हैस, पोरं, रिकामे डबे आणि देवाच्या नादी लागलेला नवरा, एवढा तिचा संसार. पोर आजारी पडल्यावर ती वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. शिवाजी महाराजांचा नजराणा घरी आल्यावर हरखून जाते आणि तुकोबा तो परत पाठवतात. त्या क्षणी आपण कुणाच्या बाजूचे, हे भल्या वारकऱ्यालाही पटकन सांगता येत नाही. दामले आणि साहेबमामा फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाची थोरवी इथे आहे. तुकोबांचं वैराग्य केवढ्याला पडलं, याचा हिशेब त्यांनी आवलीच्या तोंडून मांडू दिला आणि तरी तुकोबांना तसूभर कमी केलं नाही. शेवटी पुष्पक विमान येतं. आवली खालीच राहते, संसार सांभाळत.

माझ्या लेखी चरित्रपट जोखायचा तो इथे. थोर माणसाच्या घरच्यांना तो बोलू देतो का? परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) देतो. फाळक्यांच्या वेडापायी घरातलं सामान विकलं जातं आणि सरस्वतीबाई त्या वेडात कंबर कसून उतरतात. रडगाणं नाही, उलट घरभर हशा. समीर विद्वांसांच्या ‘आनंदी गोपाळ’मधले (२०१९) गोपाळराव बायकोला डॉक्टर करायला निघालेले, पण त्यांचा विक्षिप्त हट्ट तिच्यावर कसा आदळतो, तेही दिसतं. आणि श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ (१९७७)! हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून घेतलेला. पडद्यावर संत सखू रंगवलेल्या बाईच्या आयुष्यावरचा हा चित्रपट तिला देव्हाऱ्यात बसवत नाही आणि तिच्यावर शिक्काही मारत नाही. स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार याच भूमिकेसाठी मिळाला.

अलीकडच्या कित्येक चरित्रपटांत मात्र नायक पाळण्यातूनच थोर असतो. तो संथ गतीने चालतो, मागे ढोल वाजतात आणि बायकोला कामं दोनच: ओवाळणं आणि दारात वाट पाहणं. हुबेहूब मिशा आणि पगडी जमली की अर्धं चरित्र झालं, असा समज दिसतो. (रंगभूषाकारांचं कौतुक आहेच, त्यांनी रागावू नये.) भावना दुखावण्याची भीती मोठी झाली आहे, हेही कबूल. पण विठोबावर वहाण उगारणारी आवली १९३६ च्या भाविक प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली आणि मुंबईत तो चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. प्रेक्षक हळवा झाला, की निर्माते भित्रे झाले?

या अंकातले सगळेच लेखक माझ्याशी सहमत नाहीत, आणि अत्र्यांच्या ‘महात्मा फुले’वरचा लेख तर माझं म्हणणं सरळ खोडून काढतो. तो आधी वाचा. मग तुमच्या आवडीचा चरित्रपट राहून गेला असेल, तर तो का मोठा, हे आम्हाला चार ओळींत खुशाल कळवा.