शाडूसाठीं पेणेची वारी

आषाढ सरत आला कीं आमच्या खांदा कॉलनींत घरोघर ‘यंदा मूर्ति केवढी आणावयाची?’ हा प्रश्न निघूं लागतो. ‘कशाची?’ असें मात्र क्वचितच कोणी विचारतो. चतुर्थीची पूजा पार्थिव गणपतीची. आणि पृथिवीपासून झालेलें तें पार्थिव, एवढा अर्थ संस्कृताचा नवशिका विद्यार्थीहि सांगेल. तेव्हां यंदा मूर्ति घरींच घडवावी असा निश्चय करून आम्ही तिघे स्नेही, म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर, एक चित्रकलेचे शिक्षक व प्रस्तुत लेखक, मातीच्या खरेदीस पेणेकडे निघालों.

पळस्पें मागें पडलें कीं थोड्याच वेळांत कर्नाळ्याची खिंड लागते. पावसाळ्यांत तिची शोभा कांहीं निराळीच. किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका ढगांत पुरता बुडाला होता. वाऱ्याचा झोत आला म्हणजे तेवढें काळें टोंक दिसे व पुन्हां नाहींसें होई. पुरंदरच्या १६६५ च्या तहांत मोगलांस द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांपैकीं हा एक. १६७० त तो स्वराज्यांत परत आला. अभयारण्याच्या दाराशीं चहा घेत असतां झाडींतून कोणी मनुष्यानें घालावी तशी शीळ ऐकूं आली. पोस्टमास्तर वळून पाहूं लागले. तो शीळकरी कस्तुर होता! पुढें खारपाड्याच्या पुलाखालून पाताळगंगा गढूळ होऊन दुथडी वाहत होती, आणि दोहों बाजूंस भातखाचरें नुकतींच लावून झालेलीं.

हमरापूर, जोहे या गांवांपासूनच मूर्तींचे कारखाने सुरू होतात. ओटी, पडवी, मांडव, जेथें पाहावें तेथें गजानन! मौज अशी कीं शाडू कांहीं पेणेचा नव्हे. तो गुजराथेंतून पोत्यांनीं येतो. माती परमुलखाची, हात मात्र इथले.

एका कारखानदारांपाशीं आम्हीं प्लास्टरचा विषय काढिला. ते हंसून म्हणाले, “मास्तर, प्लास्टर सोडा असं सांगायला पुष्कळ येतात. पण दोन फुटांची मूर्ति, उचलायला हलकी, कुठं चीर नको आणि दर गेल्या वर्षीचाच, असंही तेच सांगतात.” यावर आम्हांपैकीं एकालाहि उत्तर सुचेना. प्लास्टर साच्यांत ओतलें कीं कांहीं मिनिटांत आळतें. शाडूची मूर्ति सावलींत दिवसचे दिवस सुकवावी लागते, घाईनें ऊन दाखविलें तर तडकते, आणि पावसाळ्यांत तर सुकतां सुकत नाहीं. परंतु विसर्जनानंतर तीच माती थोड्या वेळांत बादलीच्या तळाशीं बसते व पुन्हां मळतां येते; प्लास्टर पाण्यांत लवकर विरत नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालीं प्लास्टरच्या मूर्तींस मनाई करणारीं मार्गदर्शक तत्त्वें काढिलीं. पुढें २०२५ च्या जूनमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें घडविण्यास मुभा दिली. न्यायालयाचें न्यायालय जाणे. माझ्या मतें दोष कारागिराचा नाहीं. आपल्या दिवाणखान्याच्या हौसेनें मूर्तीची उंची वाढली, आणि उंचीबरोबर प्लास्टर आलें. पूजेस वीतभर मूर्ति पुरते.

चित्रकलाशिक्षक मात्र या वादांत नव्हतेच. डोळ्यांची आखणी करणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या शेजारीं ते तासभर बसून होते. कुंचल्याचा एक फटकारा, आणि मातीच्या गोळ्याला दृष्टि येई! “चाळीस वर्षें फळ्यावर डोळे काढले, पण असा एक नाहीं,” एवढेंच ते म्हणाले.

शाडूचीं तीन लहान पोतीं, लांकडी कोरण्या, दोन बारीक कुंचले व थोडा गेरू घेऊन सायंकाळीं परतलों. माती चाळून, भिजवून, ओल्या फडक्याखालीं दोन दिवस मुरत ठेविली आहे. घरांतील मुलांनीं आपापले गोळे आजच वांटून घेतले. सोंड डावीकडे कीं उजवीकडे, यावर धाकट्या नातीचा व आजीचा वाद अद्याप मिटलेला नाहीं.