येडशीचा वाघ आणि मसाई माराचं भाडं

डिसेंबर 2024 मध्ये टिपेश्वरचा वाघ यवतमाळहून थेट लातूरशेजारच्या येडशी अभयारण्यात दिसला. जंगल जेमतेम 22 चौरस किलोमीटर. वाघ शिवारात उतरणारच. गाय मारली तर पंचनामा, मग भरपाई. वाघ नुसता राहिला तर शेतकऱ्याला काय? काहीच नाही.

केनियात मसाई माराला लागून हिशेब वेगळा आहे. तिथे आलिशान सफारी कॅम्पवाले मसाई कुटुंबांच्या जमिनी भाड्याने घेतात, दरमहा पैसे देतात. बदल्यात कुंपण घालायचं नाही, गुरं चारण्यावरही बंधनं. जमिनीचा कागद ज्याच्या नावावर नाही, त्याला छदामही नाही. शिवाय 2020 मध्ये कोरोनाने पर्यटक थांबले, तेव्हा अनेकांचं भाडंही घटलं.

तरीही जमीन मसाईंचीच राहिली. ताडोबाभोवती रिसॉर्टसाठी जमीन विकणाऱ्याला पैसे एकदाच मिळतात.