गाडी बघायला सासूबाईंनाही न्या

सोलापूरच्या एक भगिनी लिहितात, "ह्यांना फोक्सवॅगनची व्हर्टस हवी, भाऊजींना स्कोडाची स्लाविया. घरात रोज वाद!"

अहो, त्या तर सख्ख्या बहिणी! चाकणच्या एकाच कारखान्यातल्या. इंजिने तीच, डिकीही दोघींची ५२१ लिटर. २०२३ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत दोघींनाही, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी, पाच-पाच तारे मिळाले. भांडायचे कशावरून?

पाहायचे ते वेगळेच. सेडान बुटकी असते. तुमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणता, तर त्यांनाच शोरूममध्ये न्या. मागच्या सीटवर दोन-तीनदा बसवा, उतरवा. मग भर दुपारी पाचजणांनी बसून गतिरोधकावरून चालवून बघा. खाली घासते का, मागे गारवा पोचतो का? होंडा सिटी, व्हर्नाही अशाच पारखा. उतरताना सासूबाईंना हात द्यावा लागला, तर भाऊजींना म्हणावे, उंच गाडी बघा.