धुराडें, विमा आणि शाकारणी

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या वाचक भगिनीचें पत्र आलें. त्या आपल्या यजमानांसह सहा महिन्यांकरितां चिरंजिवांकडे अमेरिकेंत गेल्या आहेत. चिरंजिवांनीं दोन वर्षांपूर्वीं तेथील ईशान्य भागांत एक जुनें विटांचें घर घेतलें. दिवाणखान्यांत भिंतींतील शेकोटी, आणि तिच्यावर छप्पर भेदून वर गेलेलें विटांचें धुराडें. थंडी पडूं लागली तशी एका रविवारीं चार मंडळी जमली असतां मोठ्या हौसेनें लांकडें पेटविलीं. घटकाभर झाला नाहीं तोंच भिंतींतून आगगाडी जावी तसा घरघराट ऐकूं येऊं लागला, आणि समोरच्या शेजाऱ्यानें धांवत येऊन सांगितलें कीं, धुराड्याच्या तोंडांतून ज्वाळा निघत आहेत. बंबवाले वेळेवर आले. वरच्या खोलींत निजलेल्या दोन्ही नातवंडांच्या केंसालाहि धक्का लागला नाहीं, ही ईश्वराची कृपा.

परंतु आग विझल्यावर घरांत निराळीच आग लागली. विमा कंपनीनें धुरानें काळवंडलेल्या भिंतींचा खर्च दिला, धुराड्याच्या आंतील तडकलेल्या नळ्यांचाहि दिला. पण छपरावरील ढासळत आलेला भाग नव्यानें बांधण्याचा खर्च साफ नाकारला. हें नुकसान आगीचें नसून जुनेपणाचें आहे, असें तिचें म्हणणें. चिरंजीव संतापले. “दरसाल हप्ता भरतों तो कशाला?” असें ते म्हणतात. यजमान म्हणतात, “दोन वर्षांत एकदां तरी तें धुराडें कोणी पाहिलें होतें काय?” तेव्हांपासून पितापुत्रांत अबोल्यासारखें झालें असून सूनबाई व या भगिनी यांच्या मध्यें कानकोंड्या होऊन बसल्या आहेत. त्या विचारतात, कंपनीनें अन्याय केला काय? आणि त्या शेकोटींत पुन्हां विस्तव घालावा कीं नाहीं?

ज्यांचीं मुलें परदेशीं घरें करून राहिलीं आहेत अशीं कुटुंबें आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. म्हणून खाजगी उत्तर न धाडतां या सदरांतच चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

उत्तराचा धागा आपल्याच अंगणांत सांपडण्याजोगा आहे. कोंकणांतील कौलारू घरांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस वैशाखांतील शाकारणी आठवत असेल. मृगापूर्वीं गडी छपरावर चढत, फुटकीं कौलें काढीत, सरकलेलीं नीट बसवीत, कुजलेल्या रिपा बदलीत. हा खर्च घरधन्याचा. ठरलेला, दरसालचा, चुकवितां न येणारा. पण आषाढांतील एखाद्या रात्रीं वादळानें माड उन्मळून छपरावर पडला, तर तो प्रकार वेगळा. तो कोणी योजिलेला नसतो, आणि एका कुटुंबास तो सोसवतहि नाहीं. विमा आहे तो अशा अकल्पित घाल्यासाठीं. शाकारणीचा खर्च कोणी विमा कंपनीकडे मागत नाहीं.

धुराड्यालाहि शाकारणी लागते, हें मात्र आपल्या ध्यानांत येत नाहीं. कारण आपल्या जुन्या घरांतील चुलीचा धूर कौलांच्या फटींतूनच आपली वाट काढी. थंड मुलखांत तें चालत नाहीं. तेथील धुराड्यास आंतून भाजलेल्या मातीच्या नळ्यांचें अस्तर असतें, बाहेरून विटांची भिंत, माथ्यावर सिमेंटचें आच्छादन, त्यावर जाळीची टोपी, आणि छपराशीं होणाऱ्या सांध्यावर पत्रा. लांकूड जळतांना निघणारा धूर वर जातां जातां थंड होतो व त्यांतील द्रव्यें नळीच्या आंतल्या अंगास चिकटून बसतात. या काळ्या, चिकट थरास क्रिओसोट म्हणतात. लांकूड ओलें असेल, किंवा वारा कोंडून विस्तव मंद ठेविला असेल, तर हा थर लवकर वाढतो. पाव इंचाच्या निम्मा थर जमला कीं धुराडें साफ करावें, असें तेथील जाणते कारागीर सांगतात. कारण तो थर स्वतःच पेट घेतो. मग आंतील उष्णता १,१०० अंश सेल्सिअसपर्यंत चढूं शकते व मातीच्या नळ्या तडकतात. आमच्या भगिनीनें ऐकिलेला घरघराट तो हाच.

माथ्यावरचें दुखणें निराळें. पावसाचें व बर्फाचें पाणी विटांच्या दरजांत मुरतें. गोठतांना पाण्याचें आकारमान सुमारें ९ टक्क्यांनीं वाढतें. भेग रुंदावते, पुढच्या हिवाळ्यांत आणखी पाणी शिरतें. असे दहा-वीस हिवाळे गेले म्हणजे चुना गळून विटा सुट्या होतात. हें काम एका रात्रींत होत नाहीं, आणि विमापत्राच्या भाषेंत याच गोष्टीस महत्त्व आहे.

विम्याचा हा स्वभाव जन्मापासूनचा आहे. सप्टेंबर १६६६ मध्यें लंडनच्या पुडिंग लेनमधील एका भटारखान्यांतून निघालेल्या आगीनें तेरा हजारांहून अधिक घरें भस्मसात् केलीं. त्यानंतर १६८० च्या सुमारास निकोलस बार्बन याने तेथें घरांचा आगीचा विमा उतरविण्याचा धंदा सुरू केला. त्याच्याकडे विटांच्या घरास लांकडी घराच्या निम्मा दर असे. म्हणजे घर कशाचें व कोणत्या स्थितींत आहे, हें पाहूनच विमा उतरवावयाचा, ही रीत तेव्हांपासूनची. त्याच काळांत इंग्लंडांत दर चुलीमागें सालिना दोन शिलिंग कर होता. १६६२ मध्यें बसविलेला हा कर १६८९ मध्यें रद्द झाला. हा कर चुकविण्यासाठीं ऑक्सफर्डशरमधील चर्चिल गांवीं एका भटारणीनें आपल्या भट्टीचा धूर भिंत फोडून शेजाऱ्याच्या धुराड्यांत सोडला, आणि १६८४ मध्यें त्यापायीं गांवाचा मोठा भाग जळाला, अशी कथा सांगतात. धुराड्यांत केलेली काटकसर किती महाग पडते, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां चिरंजिवांच्या विमापत्राकडे वळूं. अमेरिकेंत घरमालकांत सर्वांत प्रचलित असलेला नमुना ‘एच-ओ-३’ या नांवाचा आहे. त्यांत इमारतीस अकस्मात् पोंचलेल्या बहुतेक हानीची भरपाई मिळते, मात्र जे अपवाद लिहिलेले असतात ते वगळून. धुराडें हा इमारतीचाच भाग. त्याच्यावर वीज पडली, वादळानें झाड कोसळलें, किंवा आंत आग भडकली, तर भरपाई मागतां येते. परंतु झीज, जीर्णता, घर खचणें व त्यामुळें भिंतींस पडणाऱ्या भेगा या गोष्टी अपवादांत स्पष्ट लिहिलेल्या असतात. भूकंपहि त्यांतच येतो. त्यासाठीं निराळा विमा अगर पुरवणी घ्यावी लागते. २००१ च्या फेब्रुवारींत सिअॅटलच्या बाजूस भूकंप झाला तेव्हां घरांचीं विटांचीं धुराडीं मोठ्या संख्येनें मोडलीं. त्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनीं ही पुरवणी आपल्याकडे आहे कीं नाहीं हें आजच पाहून ठेवावें.

आणखी दोन कलमें वाचून ठेवण्याजोगीं आहेत. एक, प्रत्येक नुकसानींत पहिली ठराविक रक्कम घरमालकानेंच सोसावयाची असते. लहानसहान दुरुस्ती बहुधा तींतच संपते. दुसरें, घर नव्यानें बांधण्यास जो खर्च येईल त्याच्या निदान ८० टक्के रकमेचा विमा असेल, तरच इमारतीची भरपाई घसारा न धरतां विम्याच्या मर्यादेपर्यंत मिळते. दहा वर्षांपूर्वीं ठरविलेला आंकडा आजच्या मजुरीस पुरेलच असें नाहीं.

तेव्हां पहिल्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें. काजळी सांचूं दिली एवढ्याच कारणानें आगीची भरपाई आपोआप बुडते असें नाहीं, आणि कंपनीनें ती दिलीहि. माथ्यावरील विटा मात्र आगीनें सुटल्या कीं पाण्यानें, हा प्रश्न पुराव्याचा आहे. आगीपूर्वीं तो माथा धड होता असें दाखविणारा एकहि कागद चिरंजिवांपाशीं नाहीं, ही खरी अडचण. दरसालच्या पाहणीचा अहवाल व चार छायाचित्रें हातीं असतीं, तर वादच फार थोडा उरला असता. आजहि त्यांनीं हताश होऊं नये. नकार कोणत्या कलमान्वयें दिला तें कंपनीकडून लेखी मागून घ्यावें. दुसऱ्या जाणत्या कारागिराकडून स्वतंत्र अहवाल करवावा. पडलेल्या विटा व नळ्यांचे तुकडे टाकून देऊं नयेत. पाणी आंत शिरूं नये म्हणून तात्पुरतें आच्छादन घालून त्याच्या पावत्या जपाव्या. इतकें करूनहि समाधान न झालें, तर प्रत्येक राज्यांत विम्यावर देखरेख करणारें सरकारी खातें आहे, तेथें तक्रार करितां येते. पण अहवालांत जुनीच झीज निघाली, तर कंपनीस दोष न देतां तो खर्च आपला म्हणून सोसावा, हेंच न्यायाचें होईल.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर याहून महत्त्वाचें. अस्तर दुरुस्त होऊन पुन्हां तपासलें जाईपर्यंत त्या शेकोटींत काडीहि ओढूं नये. तडकलेल्या नळींतून उष्णता भिंतींतील लांकडांपर्यंत पोंचते, आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु खोल्यांत शिरूं शकतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेल्या मुलांस तो जागें करीत नाहीं. त्याची सूचना देणारें यंत्र प्रत्येक मजल्यावर, निजावयाच्या खोल्यांजवळ लावलेंच पाहिजे. घर ऊबदार ठेवणाऱ्या गॅसच्या अगर तेलाच्या भट्टीचा धूर त्याच धुराड्यांतून जात असेल, तर लांकूड न जाळणाऱ्यांसहि हें लागू आहे.

पुढील व्यवस्था सोपी आहे. अमेरिकेंतील अग्निप्रतिबंधक संस्थेच्या २११ क्रमांकाच्या नियमावलींत धुराड्याची पाहणी वर्षांतून निदान एकदां करावी असें सांगितलें आहे; घर विकत घेतांना, अथवा धुराड्यांत आग लागून गेल्यावर, आंत कॅमेरा सोडून अधिक बारकाईची पाहणी करावयाची. ही पाहणी हिवाळ्याच्या आधीं उरकावी. लांकूड फोडून निदान सहा महिने वाळविलेलें असावें. माथ्यावर जाळीची टोपी असावी, म्हणजे उन्हाळ्यांत पाकोळ्यांसारखे पक्षी आंत घरटीं करीत नाहींत. एकदां घरटें झालें कीं १९१८ च्या कायद्यान्वयें पिलें उडून जाईपर्यंत तें हलवितां येत नाहीं. राख धातूच्या झांकणाच्या डब्यांत भरून घराबाहेर ठेवावी.

येथें राहणाऱ्या वाचकांनींहि हा विषय परका मानूं नये. आपल्या स्वयंपाकघरांत विजेची चिमणी आली आहे, आणि तिच्या जाळींत तेलाचा थर सांचून बसतो. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे ‘भारत गृह रक्षा’ नांवाचें एकसारखें विमापत्र सुरू झालें. त्यांत आग, वीज, वादळ, पूर यांबरोबर भूकंपहि धरलेला आहे, हा अमेरिकेच्या मानानें आपला लाभच. पण झिजेचा अपवाद तेथेंहि आहे. जाळी धुणें हें विमा कंपनीचें काम नव्हे.

एकत्र कुटुंबांत अशीं कामें राहून जातात तीं आळसामुळें नव्हे. मुलगा समजतो घर विकणाऱ्यानें पाहिलें असेल, वडील समजतात मुलानें पाहिलें असेल. पूर्वीं शाकारणीचें काम अमक्या काकांकडे, असें घरांत ठरलेलें असे. तसें एक नांव ठरवावें, तारीख लिहून ठेवावी, आणि अहवाल विमापत्राच्याच पाकिटांत घालावा. आमच्या भगिनीस इतकेंच सुचवितों कीं, नवा अहवाल येईल त्या दिवशीं तो पितापुत्रांनीं एकत्र बसून वाचावा, आणि पुढील पाहणीची तारीख आजोबांच्या हातानेंच दिनदर्शिकेवर लिहवून घ्यावी.