पूल पाहायला जाताना

"पूल बघूक कोण कोल्हापूराक जाता काय?" आमच्या सौ.चा सवाल रास्त होता. फोंडाघाटचा माणूस कोल्हापूरला जातो तो अंबाबाईच्या दर्शनाला, बाजाराला, नाहीतर मोठ्या डॉक्टरकडे. पण सुटीत आलेल्या नातवाला शाळेच्या वहीसाठी एक जुनी वास्तू पाहायची होती आणि किल्ले त्याच्या मित्रांनी आधीच वाटून घेतले होते. शेवटी तह झाला. आधी देवी, मग पंचगंगेवरचा शिवाजी पूल.

घाट चढून दाजीपूरचे रान मागे टाकले, तशी भोगावती सोबतीला आली. पुढे कुंभी, कासारी, तुळशी यांच्यासह हीच पंचगंगा होते आणि हेच पाणी त्या पुलाखालून जाते, हे ऐकून नातू खूश झाला. दर्शन आटोपून पंचगंगा घाटावर बसलो, घावणे-चटणीचा डबा उघडला आणि समोरचा पूल डोळे भरून पाहिला.

पूल १८७८ सालचा, काळ्या दगडी कमानींचा. कमानीची गंमत अशी, की वरच्या ओझ्याने तिचे दगड एकमेकांना अधिकच घट्ट धरतात आणि भार पायापर्यंत पोचवतात. तिचे वैरी वेगळेच. पायाखालची माती ओढून नेणारे पुराचे पाणी आणि सांध्यांत रुजणारा पिंपळ. महापूर तर या नदीने २००५, २०१९, २०२१ असे लागोपाठ दाखवले.

याच पुलावरून २६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक मिनीबस कठडा तोडून नदीत कोसळली. गणपतीपुळ्याहून परतणारी पुण्याकडची मंडळी; तेराजण गेले. तीही आमच्यासारखीच कुटुंबासह फिरायला निघाली होती. त्या वेळी शेजारचा पर्यायी पूल अर्धवट उभा होता. जवळच ब्रह्मपुरीची संरक्षित जागा, म्हणून परवानगीचा प्रश्न वर्षानुवर्षे अडला होता. पुढे तो पूल झाला. पण किती उशिरा!

महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एस.टी.च्या दोन गाड्यांसह वाहून गेला. नवा पूल मात्र वर्षाच्या आत उभा राहिला. म्हणजे मनात आणले तर आपल्याला जमते. आणि १५ जून २०२५ ला, रविवारीच, मावळातल्या कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चारजणांचे प्राण गेले. तिथे पुलाच्या दुबळेपणाइतकीच आपली हौसही कारण होती.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला हिशेबाचीच भाषा सुचते. इमारत असो की यंत्र, आम्ही दरसाल घसारा काढायचो. वस्तू उभी आहे म्हणून तिची किंमत कायम आहे, असे कोणी मानीत नसे. पुलांच्या बाबतीत मात्र आपण आजोबांनी ठेवलेल्या ठेवीतून रोज पैसे काढतो आणि पासबुक भरून घेत नाही. जुन्या पुलाचे कौतुक पुष्कळ होते. त्याला हवी असते ती पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक जुन्या पुलाच्या तोंडाशी एक फलक असावा. बांधल्याचे साल, पेलायचा भार आणि शेवटच्या तपासणीची तारीख, एवढ्या तीनच ओळींचा. आणि 'पूल बंद' अशी पाटी दिसली, तर मुलाबाळांसह तिथून मागे फिरण्यात आपण कमीपणा मानू नये. पूल काठावरूनही छान दिसतो.

परतताना नातवाने वही दाखवली. नाव, नदी, साल, दगड, सारे टिपले होते. खाली लिहिले होते, 'शेवटचा कधी तपासला?' पुढे जागा कोरी. "आजोबा, हे कोणाला विचारायचं?" तो म्हणाला.

सौ. म्हणाली, "बरा विचारलंस रे झिला. आता उत्तर मिळेपर्यंत विचारीत ऱ्हव."